बिनमिठाचा भात

अन्नाला परंपरेचे तेज कशामुळे चढते, हा प्रश्न वरवर पाकशास्त्राचा वाटतो. परंतु मुळात तो नीतीचा आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांनी हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवू नये, असे त्यात फर्माविले होते. दारी तुळस राखण्यासही मनाई होती. धर्म देवळाइतकाच चुलीपाशी वसतो, हे त्या न्यायपीठाने अचूक ओळखले होते.

आता दुसरी बाजू पाहावी. ज्या सत्तेच्या भयाने सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास व श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली, त्याच सत्तेच्या गलबतांतून मिरची आणि काजू या किनाऱ्यावर उतरले. आज मिरचीवाचून हुमण नाही, आणि काजूबियांच्या उसळीला कोणी परकी म्हणत नाही. घाट चढून बेळगावकडे आले तरी तोच प्रकार. बेळगुंदीच्या शिवारातले रताळे मूळचे अमेरिका खंडातले. तरी एकादशीला ते चालते आणि देवाच्या नैवेद्याचा भात मात्र वर्ज्य!

तेव्हा पावित्र्य पदार्थाच्या जन्मभूमीत नाही. ते स्वीकारलेल्या नियमात आहे. एकादशीला भात सोडणारा स्वतःला बांधून घेतो, म्हणून ते व्रत. तोच नियम दुसऱ्यावर लादला, की त्याचा जाहीरनामा होतो. कृती एकच, परंतु एकीत धर्म आहे, दुसरीत जुलूम.

मग देवस्थानाने नियम पाळू नयेत काय? अवश्य पाळावेत. नैवेद्यात कांदालसूण नसावा, हे मुदपाकखान्याचे शासन योग्यच आहे. तेथे जाणारा ते मान्य करूनच उंबरठा ओलांडतो. परंतु त्या उंबरठ्याबाहेर आमचा अधिकार संपतो. मासळी खातो म्हणून एखाद्यास भाड्याने घर नाकारणे, मत्स्याहारी सारस्वताचे ब्राह्मण्य पंक्तीत तोलणे, किंवा ख्रिस्ती शेजाऱ्याच्या ताटावरून त्याची योग्यता ठरविणे, हे त्या जुन्या जाहीरनाम्याचेच वंशज होत.

इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले. आपल्या पूर्वजांच्या भातात मीठ आहे की नाही, हे पाहणारे डोळे तेव्हा मिटले. तेच डोळे आपण दुसऱ्याच्या भातावर लावावेत काय, याचा निर्णय कोणत्याही न्यायालयाकडे नाही. तो ज्याने त्याने आपल्या चुलीपाशी करावयाचा आहे.