तिसरी किल्ली

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कशेळ्याच्या अलीकडे, राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणारं एक घर होतं. घाटमाथ्यावरच्या धरणातलं पाणी भिवपुरीच्या वीजघरात वीज करून खाली येतं आणि कालव्याने या बाजूच्या शेतांत शिरतं. टाटांचं ते वीजघर १९२२ सालचं. पाऊस सरल्यावरही जिथे जमीन हिरवी राहते, तिथे जमिनीवरचा जीव आणि जमिनीची किंमत दोन्ही वाढत जातात.

त्या घरातल्या म्हाताऱ्या बापाने २०१२ साली रस्त्यालगतचा एक तुकडा विकून फोर्ड फिगो घेतली. गाडीबरोबर दोन किल्ल्या आल्या. अंथरुणाला खिळल्यावर त्याने दोन्ही मुलांना बोलावलं, एक किल्ली थोरल्याला दिली, एक धाकट्याला. शेताची वाटणी करायची मात्र राहून गेली. तो गेला, आणि सातबाऱ्यावर दोघांची नावं एकाखाली एक लागली.

थोरला शेती करत राहिला. धाकटा खोपोलीला कारखान्यात लागला, तिथेच बिऱ्हाड केलं. पुढे मुंबईहून फार्महाऊससाठी जागा शोधणारे आले. धाकट्याच्या डोक्यावर घराचे हप्ते होते, त्याला विकायचं होतं. थोरल्याला त्या शेतात बापाचे पाय दिसत होते. एकाच्या सहीने व्यवहार होत नाही, म्हणून तो अडला. आधी बोलणं अडलं, मग सणावाराचं येणंजाणं. दोघांपैकी वाईट कोणीच नव्हता, हे मला आधीच सांगून ठेवायला हवं. बहुतेक भाऊबंदकी अशीच असते. दोन्हीकडे खरी गरज असते आणि मधे निरोप्या नसतो.

आईला सांभाळायची पाळी मात्र दोघांनीही चुकवली नाही. एक महिना ती कशेळ्याला, एक महिना खोपोलीला. तिची मूत्रपिंडं थकली होती. सोमवारी आणि गुरुवारी पनवेलला डायलिसिस असे. म्हणून जिथे आई, तिथे गाडी. महिना भरला की रविवारी ज्याची पाळी तो येई, आपल्या किल्लीने गाडी उघडी, आईला बसवी आणि निघे. ‘ये’ आणि ‘जा’ यापलीकडे भाऊ बोलत नसत. किल्ली मात्र दोघेही जिवापाड जपत. बापाच्या हातून मिळालेली ती एकच वाटणी होती.

थोरल्याची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती. गाडीचा परवाना मिळाल्यावर आजीला पनवेलला न्यायचं काम तिने आपणहून घेतलं. बाप किल्ली कंबरेला लावूनच शेतात जाई. एका गुरुवारी तो खताच्या कामाला नेरळला गेला आणि किल्ली त्याच्याबरोबर गेली. तो परत येईपर्यंत आजी ओटीवर पिशवी घेऊन बसून होती. चौकमार्गे पनवेल गाठलं तेव्हा तिचं मशीन दुसऱ्या रुग्णाला दिलेलं होतं. रात्री उशिरा पाळी मिळाली. परतताना आजीचे पाय सुजलेले होते आणि नातीच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली होती, की या गाडीला तिसरी किल्ली हवी.

तिने रिमोटची कोरी किल्ली मागवली. बापाची किल्ली एका दिवसापुरती मागून घेतली आणि खोपोलीच्या बाजारातल्या किल्लीवाल्याकडून पातं कापून आणलं. घरी आल्यावर मॅन्युअल काढून अंगणात बसली. त्यात लिहिल्याप्रमाणे सहा सेकंदांत चार वेळा इग्निशन चालू-बंद केलं. घंटी वाजली. लगेच नव्या रिमोटचं बटण दाबलं, पुन्हा घंटी वाजली. बापाचा रिमोट हाताशी होता, त्याचंही बटण दाबून घेतलं. मग लांब गोठ्याशी जाऊन नव्या किल्लीचं बटण दाबलं तर गाडीची चारही दारं खट्‌कन उघडली. आजीने ओटीवरून हात जोडले.

मुलीने आत बसून किल्ली फिरवली. इंजिन लागलं नाही. डॅशबोर्डवर एक लाल दिवा भराभर उघडमीट करत राहिला.

इथे जरा थांबून सांगितलं पाहिजे, कारण घरोघरी इथेच फसगत होते. रिमोटच्या किल्लीच्या पोटात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक दारं उघडणारा रेडिओ. त्याला गोल चपटा सेल लागतो. तो संपला की बटणं निकामी होतात, पण पात्याने दार उघडतं. दुसरी एक बारीकशी चिप. तिला सेल लागत नाही. किल्ली खोबणीत घातली की तिथल्या तारेच्या वेटोळ्यातून चिपला तेवढ्यापुरती ऊर्जा मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते. तो ओळखीचा निघाला तरच गाडीचा संगणक इंजिन चालू होऊ देतो. युरोपात गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या तेव्हा १९९८ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली, आणि पुढे ती जगभर पसरली. पातं कितीही हुबेहूब कापलं, दारं कितीही आज्ञेत राहिली, तरी अनोळखी चिप घेऊन बसलेल्या माणसाला ती गाडी जागची हलवू देत नाही. मुलीला रेडिओची जोडणी जमली होती. चिपची ओळख बाकी होती.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. या गाडीत रिमोट नव्याने जोडायला घेतले की आधीचे सगळे पुसले जातात. जे त्या वेळी हजर असतील तेवढेच परत नोंदले जातात. काकाचा रिमोट तिथे नव्हता.

महिना भरल्यावर रविवारी धाकटा आईला न्यायला आला. अंगणात उभं राहून त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. गाडी गप्प. तेवढ्यात त्याची नजर ओटीवर गेली. खुंटीला चकचकीत नवी किल्ली लटकत होती.

“दादा, माझी किल्ली बंद केलीस?”

थोरल्याला काहीच ठाऊक नव्हतं. “मी कशाला बंद करू?”

“मग ही कोणाची? बाबांनी दोघांना दिल्या होत्या. तिसरी आली आणि माझी गेली. शेतातूनपण असाच काढशील मला.”

थोरल्याला ते वर्मी लागलं. तोही नको ते बोलून गेला. मुलगी मधे काही सांगू पाहत होती, पण तेव्हा कोणाला ऐकू येत नव्हतं. धाकट्याने पात्याने दार उघडलं. इंजिन पहिल्या फिरकीला लागलं, कारण चिपची ओळख शाबूत होती. रागाच्या भरात हेही त्याला दिसलं नाही की ज्याला काढून टाकायचं असतं त्याच्या किल्लीने गाडी चालू झाली नसती. आई मागे बसली. वळणावरून गाडी दिसेनाशी झाली तरी थोरला अंगणातच उभा होता.

मुलगी दुसऱ्या दिवशी खोपोलीच्या किल्लीवाल्याकडे गेली. दुकान कसलं, जिन्याखालची एक टपरी होती. त्याने किल्ली हातात घेऊन सगळं ऐकून घेतलं.

“याला दोन वाटा आहेत,” तो म्हणाला. “माझ्याकडे मशीन आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं, कोड काढायचा, चिप चढवायची. त्याचे पैसे पडतात. एकच किल्ली उरलेली माणसं येतात, त्यांना दुसरा इलाजच नसतो. तुमच्याकडे जुन्या किती?”

“दोन.”

“दोन्ही चालतात?”

“हो.”

“मग पैसे कशाला घालवता? ही गाडी घरच्या घरी नवी किल्ली घेते. पहिली जुनी घालून फिरवायची, काढायची. लगेच दुसरी जुनी घालायची, फिरवायची, काढायची. मग नवी. मधे फार वेळ दवडायचा नाही. एकीच्या सांगण्यावर ती नवीला घरात घेत नाही, दोघी लागतात. दोन्ही किल्ल्या एका जागी आणा, झालं.”

हा माणूस मला फार मोठा वाटतो. समोर गिऱ्हाईक होतं, हातात मशीन होतं, आणि पैसे घेतले असते तर कोणी बोट ठेवलं नसतं. त्याने आपलं काम सोडून दिलं आणि खरा रस्ता दाखवला. निघताना तो एवढंच म्हणाला, “आणि काकांना सांगा, त्यांचा रिमोट मेला नाही. त्या वेळी तो तिथे नव्हता म्हणून गाडी विसरली. परत हजर केला की ओळखेल.”

मुलीने तिथूनच काकाला फोन लावला. आपण काय केलं ते तिने पहिल्यापासून सांगितलं. नेरळचा गुरुवार, आजीचे सुजलेले पाय, नवी किल्ली, पुसला गेलेला रिमोट. “काका, बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. मी केलं. तुमची किल्ली मागायची मला भीती वाटली.”

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग काका म्हणाला, “आईला गुरुवारी एवढा उशीर झाला होता? मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही दोघं बोलत नाही ना,” मुलगी म्हणाली.

घरी बापाला तयार करणं जास्त अवघड गेलं. “तो अंगणात उभं राहून मला चोर म्हणून गेला. मी त्याच्या दारात जायचं?” मुलीने वाद घातला नाही. गाडी तिथे आहे, आजी तिथे आहे, दुसरी किल्ली तिथे आहे, एवढं तिने सांगितलं. रात्री आजीचा फोन आला. तिने थोरल्याला समजावलं नाही. “रविवारी ये. येताना थोडे तांदूळ आण, इथला भात मला जात नाही,” एवढं सांगून तिने फोन ठेवला.

रविवारी बाप-लेक कर्जतहून खोपोलीच्या लोकलमध्ये बसले. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. थोडीशीच स्टेशनं, पण थोरल्याने तो रस्ता कित्येक वर्षांत धरला नव्हता. मांडीवर तांदळाची पिशवी घेऊन तो खिडकीबाहेर बघत राहिला.

धाकट्याच्या इमारतीखाली गाडी उभी होती. आई पुढच्या सीटवर आधीच येऊन बसली होती. तिला कोणी खाली आणलं हे कोणी विचारलं नाही.

पहिला प्रयत्न वाया गेला. थोरल्याने आपली किल्ली फिरवली, काढली आणि सवयीने खिशात घालायला गेला. धाकटा दाराबाहेर हाताची घडी घालून उभा. त्याने आपली किल्ली मुलीकडे दिली, मुलीने बापाकडे. तोवर वेळ उलटून गेला होता. लाल दिवा तसाच लुकलुकत राहिला.

“असं नाही व्हायचं,” मुलगी म्हणाली. “एकाची बाहेर येते तेव्हाच दुसऱ्याची आत जायला हवी. काका, तुम्ही आत वाका. माझ्या हातातून नको, तुमची तुम्ही घाला.”

धाकटा वाकला. जागा थोडी होती, त्याचा खांदा थोरल्याच्या छातीला टेकला. थोरल्याने किल्ली फिरवली. “आता काढतो,” तो म्हणाला. त्या दोघांमधलं बऱ्याच काळातलं हे पहिलं सरळ वाक्य होतं. “काढ,” धाकटा म्हणाला. एक पातं बाहेर आलं, दुसरं आत गेलं, फिरलं, निघालं. मुलीने दोघांच्या हातांमधून आपली किल्ली घातली आणि फिरवली. दिवा क्षणभर स्थिर झाला आणि विझला. तिने आणखी फिरवली तशी गाडी सुरू झाली.

मग तिने रिमोटचं काम परत पहिल्यापासून केलं. चार वेळा इग्निशन, घंटी. नव्या किल्लीचं बटण. बापाच्या किल्लीचं बटण. तिसऱ्यांदा तिने हात पुढे केला तेव्हा धाकट्याने स्वतःच बटण दाबलं. घंटी वाजली. तो दहा पावलं मागे गेला, पुन्हा दाबलं, आणि दारं खट्‌कन बंद झाली. आई आत होती. ती आतून काचेवर टिचक्या मारू लागली तशी दोघेही एकदम दाराकडे धावले.

वर धाकट्याच्या बायकोने कशेळ्याचे तांदूळ चुलीवर चढवले. जेवताना धाकट्याने विचारलं, गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी साऱ्या किल्ल्या मागते, तेव्हा आता तिघांनी सांभाळायला हवं ना. थोरला म्हणाला, “नवी पोरीकडे राहील. तुझी तुझ्याकडे, माझी माझ्याकडे.” यापेक्षा जास्त बोलणं दोघांनाही जमत नव्हतं, पण ताटं उचलेपर्यंत कोणी उठलं नाही.

शेताचं काय करायचं हे त्या दुपारी ठरलं नाही. थोरला विकायला तयार नव्हता आणि धाकट्याचे हप्ते थांबले नव्हते. फक्त जिना उतरताना धाकट्याने विचारलं की आधी मोजणी तरी करून घेऊ, कर्जतच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज द्यायला दोघांच्या सह्या लागतील, तर कधी येऊ. सोमवार आणि गुरुवार गाडी मुलीकडे असणार होती. थोरल्याने मंगळवार सांगितला.