फॉर्मने तपासलं, तुम्ही काय केलंत?

बसा सगळे. मोबाइल पालथे ठेवा.

ऑनलाइन फॉर्मवर घेतलेली शनिवारची घटक चाचणी संपली आणि दहा मिनिटांत शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप पडला, ‘पेपर तपासून झाले.’ सोबत रंगीत तक्ता: वर्गाची सरासरी, सर्वांत जास्त गुण, सर्वांत कमी गुण. तक्ता मी पाहिला. मग तुमच्यापैकी एकानेही जे उघडलं नव्हतं, ते उघडलं. एकेका मुलाचं उत्तर. म्हणून ही बैठक.

सहावीचं गणित घ्या. १/२ + १/३ किती? उत्तर ५/६. निम्म्या वर्गाने निवडलंय २/५. अंशात अंश मिळवले, छेदात छेद मिळवले, झालं गणित! अर्ध्यात भर घातली तरी उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं, हा प्रश्न एकालाही पडला नाही. छेद समान का करायचे, हेच पोरांना कळलेलं नाही. फॉर्मने ते गोलाकार आलेखात रंगवून तुमच्यापुढे ठेवलं होतं. आणि तुम्ही सोमवारी काय केलंत? दशांश अपूर्णांक सुरू केलेत. ताप मोजायचा, आकडा वहीत लिहायचा आणि औषध न देता रोग्याला घरी धाडायचं, ही कुठली रीत?

आता आठवीचा इतिहास. सत्यशोधक समाजाची स्थापना कोणत्या वर्षी झाली? एका मुलीने लिहिलं १८७३. गुण शून्य. का? तर उत्तरसूचीत तुम्ही वर्ष इंग्रजी आकड्यांत भरलंत आणि तिने मराठी आकड्यांत टंकलं. फॉर्म अक्षराला अक्षर जुळवतो, त्याला इतिहास येत नाही. पुढचा प्रश्न, संस्थापक कोण? तिने लिहिलं ‘जोतीराव फुले’. सूचीत फक्त ‘महात्मा फुले’. पुन्हा शून्य. मराठी शाळेत मराठी अंक लिहिले हा तिचा गुन्हा? एका प्रश्नाला चार उत्तरं बरोबर म्हणून भरायची सोय त्याच फॉर्ममध्ये आहे. स्वतः पाहिल्याशिवाय गुण मुलांकडे जाऊ नयेत, अशीही सोय आहे. एका टिचकीचं काम. तेवढीही तसदी घेतली नाहीत.

वर तक्रार काय, तर मुलं कॉपी करतात. करतात, त्यांची बाजू मी घेत नाही. पण गुगलवर टाकताच उत्तर मिळेल असलेच वीस प्रश्न काढायचे आणि मग मुलांच्या नावाने बोटं मोडायची, हे मला चालणार नाही. त्यावर तुमचा उपाय म्हणजे चाचणीभर मुलावर कॅमेऱ्याने नजर ठेवणारं ॲप. एका खोलीचं घर, आईचा मोबाइल, मागे कुकरच्या शिट्ट्या. धाकट्या भावाने हाक मारली, पोराची मान वळली, की ॲप लाल खूण करणार. ती खूण पाहून तुम्ही त्याला चोर ठरवणार?

निबंध एआयने लिहिलाय, हे ओळखणारं साधन घ्या म्हणून कोणी तरी अर्ज दिलाय. चॅटजीपीटी ज्यांनी काढलं, त्या ओपनएआयने स्वतःचंच असलं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. ज्यांचं यंत्र त्यांनाच जमेना आणि तुम्ही असल्या साधनाच्या टक्केवारीवर मुलाला शून्य देणार! संशय आला तर गुगल डॉक्समधला मसुद्यांचा इतिहास उघडा. निबंध हळूहळू वाढत गेला की एका दमात येऊन पडला, ते दिसेल. तेवढ्यावरही निकाल देऊ नका. मुलाला समोर बसवा, त्याच्याच निबंधावर दोन प्रश्न विचारा. पाच मिनिटांत दूध का दूध, पानी का पानी.

गुणांचं इतकं वेड असेल तर हेही ऐका. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. शेऱ्याबरोबर गुणही मिळाले, त्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. आणि तुमच्या फॉर्ममध्ये शेऱ्याची जागा सगळीकडे रिकामी!

२०२१ विसरलात? दहावीची परीक्षा रद्द झाली आणि राज्याचा निकाल आपण शाळांनी दिलेल्या गुणांवर लागला. ९९.९५ टक्के! त्या गुणांवर सरकारचा तरी भरवसा होता का? अकरावीच्या प्रवेशासाठी वेगळी परीक्षा, सीईटी, काढली. ती उच्च न्यायालयाने रद्द केली म्हणून निभावलं. आपल्या गुणांची किंमत त्या वर्षी चव्हाट्यावर आली आणि आपण त्यातून काहीच शिकलो नाही.

यंत्र वापरू नका असं मी म्हणत नाही. बेरजा त्याला करू द्या. पण त्यात तुमचे जे तास वाचतात ते मुलांचे आहेत. ते मुलांना परत मिळाले पाहिजेत.

दशांश अपूर्णांक उद्यापासून बंद, सहावीला छेद पुन्हा शिकवायचे. त्या मुलीचे दोन गुण आजच दुरुस्त करा आणि चूक आपली होती, हे तिला वर्गात सगळ्यांसमोर सांगा. शुक्रवारी प्रत्येकाने एक पान माझ्या टेबलावर ठेवायचं: आपल्या विषयात सर्वांत जास्त चुकलेला प्रश्न कोणता, मुलं नेमकी कुठे अडली आणि त्यावर तुम्ही वर्गात काय केलंत. पानावर नुसती सरासरी दिसली, तर ते परत येईल.

निघा आता. तास सुरू झालाय.