उम्मीद आणि उधारी

सातवीच्या वर्गात आम्ही नफा-तोटा शिकवीत होतो. खरेदी जास्त, विक्री कमी, म्हणजे नुकसान, एवढे फळ्यावर लिहून झाले आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, नुकसान हो रहा है तो आदमी कारखाना बंद क्यों नहीं करता?" वर्ग हसला नाही. मालेगावच्या उर्दू शाळेत हा प्रश्न कोणाला गमतीचा वाटत नाही. आमच्या एकाच बाकावर चार साच्यांच्या मालकाचा मुलगा आणि त्याच साच्यांवर राबणाऱ्या कामगाराचा मुलगा शेजारी-शेजारी बसतात. यंत्रमागाला आमच्याकडे साचाच म्हणतात. आम्ही उत्तर दुसऱ्या दिवसावर ढकलले, आणि घरी येऊन विचार करीत बसलो.

कारखाना बंद का करीत नाहीत, याला हिशेबी कारणे आहेत. साचे थांबले तरी वीजबिलातला स्थिर आकार चुकत नाही. साचे थांबल्याची खबर लागली की सूत उधार देणारा व्यापारी सगळी बाकी एकदम मागतो. कामगार दुसऱ्या कारखान्यात जातो आणि त्याला दिलेली उचल बुडते. विकायला काढावे तर जुना साचा भंगाराच्या भावात जातो. सुताचा भाव एक ठरवतो, कापडाचा दुसरा, आणि छोटा मालक दोघांच्या मधे उभा असतो. अशा माणसाला उद्या भाव सुधारेल असे मानण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून त्याच्या आशेला वेडेपणा म्हणणे आम्हाला पटत नाही. आमचे पूर्वज 1857 नंतरच्या काळात उत्तरेकडून निघाले, तेव्हा हातातली विणकरी आणि ही आशा, एवढेच त्यांच्याजवळ होते.

पण प्रश्न इथे संपत नाही. आमच्या वडिलांचे घरामागे आठ साचे होते. 8 नोव्हेंबर 2016 रोजी पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि सगळा रोखीचा धंदा आखडला. कापड उचलले जाईना. अब्बांनी साचे थांबवले नाहीत. "अल्लाह मालिक है, दिन फिरेंगे" असे ते म्हणत, आणि मोहल्ल्यात त्यांच्या हिमतीची तारीफ होई. आम्हालाही अभिमान वाटे. दर जुमेरातला संध्याकाळी मजुरी वाटायची रीत होती. सहा आठवडे अब्बा फक्त खर्चीपुरते पैसे देत राहिले आणि उरलेले पुढच्या हप्त्यावर टाकत राहिले. सातव्या जुमेरातला एक जुना कामगार उंबऱ्याशी उभा राहिला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो म्हणाला, "सेठ, भरोसा मेरा भी अल्लाह पे है. मगर किरानेवाला आज हिसाब माँगता है."

अब्बा त्या रात्री जेवले नाहीत. अम्मीने वही काढली. कामगारांचे देणे, सूतवाल्याचे देणे, कर्ज-ए-हसना म्हणून बिनव्याजी घेतलेली एका नातेवाइकाची रक्कम, सगळे एका पानावर मांडले. तेव्हा आम्हाला कळले की अब्बांची आशा जितकी मोठी होती, तितकी त्या पानावरच्या लोकांची अडचण मोठी होती. उम्मीद आमची होती आणि तिची किंमत दुसऱ्यांच्या चुली मोजत होत्या.

इमाम गझाली (1058–1111) यांनी या बाबतीत शेतकऱ्याचे उदाहरण दिले आहे. चांगली जमीन निवडून, बी पेरून, पाणी देऊन जो पिकाची वाट पाहतो, त्याच्या वाट पाहण्याला ते आशा म्हणतात. खडकाळ जमिनीत बी टाकून, मशागत न करता जो वाट पाहतो, त्याची ती आत्मवंचना. उर्दूत आपण तिला खुशफहमी म्हणतो. गझालींचा विषय आखिरतचा होता, पण कारखान्यालाही ते लागू पडते असे आम्हाला वाटते. फक्त त्यात एक गोष्ट जोडावी लागते. शेतकऱ्याचे बी त्याचे स्वतःचे असते. छोट्या धंदेवाल्याच्या बियाण्यात मात्र कामगाराची मजुरी आणि शेजाऱ्याची ठेव मिसळलेली असते. म्हणून आपण किती धीर धरतो, एवढेच विचारून भागत नाही. तो कोणाच्या जिवावर धरतो, आणि त्या माणसाला विचारले आहे का, हेही पाहावे लागते.

आमच्यात नाउमेदीला गुनाह मानतात. ते आम्हीही मानतो. पण नाउमेदीच्या भीतीने माणसे वही उघडायचे टाळतात, खरी परिस्थिती बायकोपासून लपवतात, कामगाराला खोटी तारीख देतात. तवक्कुलचा अर्थ डोळे मिटणे नव्हे. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू नये, आधी तो बांधावा, ही शिकवण आपण पोरांना मदरशात देतो आणि दुकानात विसरतो.

अब्बांनी चार साचे भंगारात विकले. ते तुटताना पाहायला ते अंगणात आले नाहीत. त्या पैशातून आधी मजुरी चुकती केली, मग सूतवाल्याला हप्ते बांधून दिले. उरलेले चार साचे सुरू राहिले. मोहल्ल्यात काहींनी याला हार म्हटले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्यांचेच साचे थांबले, तेव्हा अब्बांनी कामगारांना बोलावून जेवढे घरात होते ते वाटले आणि सांगितले, "इससे ज़्यादा नहीं है, झूठी तारीख नहीं दूँगा." साचे पुन्हा चालू झाल्यावर तो जुना कामगार न बोलावता आला. भाव पुढेही कधी चढले, कधी पडले. श्रीमंती आली नाही. पण अब्बा अजूनही सकाळी साचा सुरू करताना "दिन फिरेंगे" म्हणतात, आणि आता ते ऐकताना आम्हाला अवघडल्यासारखे होत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात त्या मुलाला सांगितले की बंद करायचे की चालवायचे, हे फळ्यावरच्या गणिताने ठरत नाही. आधी वही उघडायची, मग ज्यांचे त्यात अडकले आहे त्यांना बोलावून ती दाखवायची. त्यानंतरही चालवावेसे वाटले तर बिस्मिल्ला करायचे. मुलाने थोडा विचार केला आणि विचारले, "और सर, वही दिखाने में शर्म आए तो?"

याचे उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत. पण छोट्या धंदेवाल्याची आशा खरी आहे की नाही, याची परीक्षा याच प्रश्नात असावी.