इयागोला फार खोटं बोलावं लागत नाही

'ऑथेल्लो' हे मत्सराचं नाटक, असं शिकवलं जातं. मला ते पटत नाही. मत्सर कुणाच्या पोटात नसतो? प्रश्न वेगळा आहे. रणांगणावर न डगमगणारा सेनापती हाताखालच्या एका माणसाच्या कुजबुजीवर आपल्या बायकोचा जीव का घेतो?

शेक्सपिअरचं हे नाटक १६०४ साली लंडनच्या राजवाड्यात झालं. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ते मराठीत आणलं, देवलांनी १८९० मध्ये त्याचा 'झुंझारराव' केला, शिरवाडकरांनी १९६१ मध्ये पुन्हा 'ऑथेल्लो' लिहिलं. दीडशे वर्षं मराठी माणसाला ही गोष्ट ठाऊक आहे. तरी ती आपलीच गोष्ट आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आलं.

ऑथेल्लो मूर आहे. काळा आहे. एकदा गुलाम म्हणून विकला गेलेला आहे. व्हेनिसला त्याची तलवार पाहिजे. जावई म्हणून तो नको. डेस्डेमोना बापाला न विचारता त्याच्याशी लग्न करते, तर बाप म्हणतो, यानं जादूटोणा केला. आपली पोर स्वतःच्या अकलेनं असा माणूस निवडेल, हे त्याच्या डोक्यात मावतच नाही. हे लग्न म्हणजे त्यांच्याकडचा आंतरजातीय विवाहच. १९३६ साली न होऊ दिलेल्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी जातीवरचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहच सांगितला होता. इयागो घाव घालतो तो नेमका तिथंच.

घालतो कसा? बढती कॅसिओला मिळाली, याचा त्याला राग. पण तो आरोप करत नाही. अर्धा शब्द बोलतो अन् थांबतो. समोरच्यानं खोदून विचारलं की 'काही नाही' म्हणतो. मग हळूच आठवण देतो, हिनं बापाला फसवलं होतं. आपल्या देशाची, आपल्या रंगाची, आपल्या तोलाची स्थळं हिनं नाकारली. हे सरळ मनाचं लक्षण आहे का? यातलं इयागोचं स्वतःचं असं काय आहे? हे तर सगळं व्हेनिस बोलत होतं. इयागोनं ते फक्त योग्य कानात टाकलं. हरवलेल्या रुमालाचा पुरावा फार उशिरा येतो. जमीन आधीच नांगरलेली होती.

आमच्या मेडशीत, अकोला-वाशीम रस्त्यावरच्या कुठल्याही पानठेल्यावर हे तंत्र पाहायला मिळतं. "मले काई म्हनाचं नाई बाप्पा, पण जरा ध्यान ठेव." बस, इतकंच. त्या 'पण'नं मोडलेले संसार मी पाहिले आहेत. जातीबाहेर लग्न केलेल्या पोरापोरींचे तर जास्तच. 'जी बापाची झाली नाही ती तुही काय होईन?' हे वाक्य बोलणाऱ्यानं शेक्सपिअर वाचलेला नसतो. वाचायची गरजही नसते.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातले चार जण मारले गेले. मेल्यावरही सुरेखाबाईंच्या चारित्र्यावर कुजबुज सुरूच राहिली. जातीचा गुन्हा झाकायचा तर बाईचं चारित्र्य पुढं करायचं, हे हत्यार जुनं आहे.

पण इथंच थांबलो तर अर्धंच बोललो असं होईल. नाटकात एक क्षण येतो. ऑथेल्लो स्वतःच म्हणू लागतो, मी काळा आहे, मला दरबारी गोड बोलता येत नाही, म्हणूनच ती गेली असेल. त्या क्षणानंतर इयागोचं अवघड काम संपलं. पिढ्यान्पिढ्या भरवलेला कमीपणा आतून बोलू लागला की बाहेरच्या शत्रूला फार कष्ट पडत नाहीत.

मग ऑथेल्लो निर्दोष का? नाही. त्याची जखम खरी आहे, पण मरते ती डेस्डेमोना. तिला त्यानं विचारलं तेव्हा निकाल आधीच ठरला होता. व्यवस्थेनं आपल्याला तुडवलं म्हणून घरातल्या बाईवर उठणारा हात व्यवस्थेचा ठरत नाही. तो आपलाच असतो. चळवळीतल्या माणसांनी हे स्वतःला विचारलं पाहिजे. बाहेरचा इयागो आपण चटकन ओळखतो. तो आपल्या तोंडून बोलतो तेव्हा काय करतो?

नाटकातलं उत्तर एका चाकरी करणाऱ्या बाईकडे आहे. एमिलिया ही इयागोचीच बायको. डेस्डेमोनाचा पडलेला रुमाल नवऱ्याला तिनंच दिलेला असतो. खरं कळल्यावर नवरा 'गप्प बस, घरी जा' म्हणतो, पण ती सगळ्यांदेखत बोलते. तो तिला भोसकतो. तरी ती बोलायची थांबत नाही. आणि शेवटी गप्प होतो तो इयागो.

कुजबुजीला अंधार लागतो. म्हणून कुणी कानाशी येऊन 'पण' म्हणालं, तर त्याला चारचौघांत उभं करा. जिच्याबद्दल बोलतोय तिलाही बोलवा. आणि म्हणा, आता बोल.