पंगतीत बसताना

सावकाश वाचा. पोटात कावळे ओरडत असतील तर आधी जेवून घ्या आणि मग या. भुकेल्या माणसाला मनन सांगू नये, हे गावोगावच्या कीर्तनकारांना पक्कं ठाऊक असतं.

डोळे मिटू नका, उघडेच ठेवा. माघ वद्य सप्तमी आहे, गाव शेगाव. गजानन महाराजांचा प्रकटदिन. दिंड्या येताहेत, टाळ वाजताहेत, चालून चालून पायांना भेगा पडलेली माणसं रस्त्याच्या कडेला टेकली आहेत. एका गल्लीत मंडपाखाली भंडारा चालू आहे. सतरंज्या अंथरल्या आहेत आणि पंगत बसते आहे. तुम्हीही बसा. सोबतची मंडळी जवळ हवीत म्हणून जागा धरू नका. वाढणारा ‘या माउली, इथं बसा’ म्हणून हात दाखवेल, तीच तुमची जागा.

बसलात? आता फक्त उजवीकडे पाहा. बाळापूरकडचा कोणी शेतकरी असेल, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. डावीकडे पाहा. नागपूरची कॉलेजातली मुलगी असेल, किंवा बऱ्हाणपूरचा हिंदी बोलणारा दुकानदार. समोरच्या ओळीत एक म्हातारी आहे. तिच्याबरोबर कोणी आलेलं दिसत नाही.

आता स्वतःच्या मनाकडे वळा. ते हिशेब करू लागलं आहे. कपडे, हातातलं घड्याळ, बोलण्याचा हेल, कपाळावरचा टिळा. ‘कुठले जी तुम्ही?’ हा प्रश्न ओठांवर येतो, गाव कळतं, आणि मग आडनाव विचारावंसं वाटतं. वाटू द्या. त्या इच्छेला दटावू नका, सजवूही नका. ती कुठून उठते, किती वेळ टिकते, उत्तर मिळालं नाही तर कशी चुळबुळते, एवढंच पाहत बसा. पत्रावळी येईपर्यंत दुसरं काम नाही.

शेजारी कोण आणि खाणं कोणाच्या हातचं, या साध्या प्रश्नावर आपल्याकडे मोठमोठी माणसं अडली आहेत. 1890 साली पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा कार्यक्रम झाला. टिळक होते, रानडे होते. कोणी चहा घेतला आणि कोणी नुसताच समोर ठेवला, यावर वाद माजला, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्ताच्या चर्चेने पुणं ढवळून निघालं. एक कप चहा! पुढे अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचा सत्यनारायण सुरू केला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जोडप्याला पूजेला बसवायचं, आणि प्रसाद म्हणून सगळ्यांनी एकत्र झुणका-भाकर खायची. मला ही युक्ती फार आवडते. गद्र्यांनी व्याख्यान लांबवण्यापेक्षा पान वाढलं. पानासमोर बसलेल्या माणसाला मत मांडून सुटता येत नाही, घास घ्यावा लागतो किंवा उठून जावं लागतं.

तुमच्या शेजाऱ्याचं आडनाव अजून कळलेलं नाही. नका विचारू. आज राहू दे.

पत्रावळ आली. वाढप सुरू झालं. ज्वारीची भाकरी, चून, कण्या घातलेली अंबाडीची भाजी, कडेला ठेसा. काय हवं असं कोणी विचारलेलं नाही. हे लक्षात आलं की मनाला किंचित खटकतं. त्या खटक्याशी थोडं थांबू या.

काल संध्याकाळी तुमचा गट हॉटेलात बसला होता असं समजा. काका माळकरी, त्यांना कांदा-लसूण नको. मेहुणीचा गुरुवार. आजींना साखर, म्हणून भात नको. भाच्याला नूडल्सच हव्यात. पुण्याहून आलेला मित्र शेवभाजी किती तिखट असते याची तीनतीनदा चौकशी करतो. मेनूकार्ड टेबलाभोवती फिरतं, वेटर पेन्सिल धरून उभा. शेवटी एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, ती म्हणजे कचोरी. मुगाच्या डाळीचं सारण, सोबत तळलेली मिरची. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी 1950च्या सुमारास स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली आणि वऱ्हाडातल्या या गावाने तिला आपलं नाव दिलं. एक घरदार सुटलेला माणूस, आणि दोन मिनिटं थांबणाऱ्या गाडीतले सगळ्या प्रांतांचे प्रवासी. तिथेही कोण कोणाच्या हातचं खातो हे विचारायला वेळ नव्हता. गाडीची शिट्टी काही सुधारणा करून जाते.

हॉटेलातल्या त्या टेबलावर काहीच वाईट नव्हतं. प्रत्येकाला आपापलं मिळालं, आजींची साखर सांभाळली गेली. जर्मनीतल्या म्युनिकला तर याची मोठी परंपराच आहे. 1812 साली बव्हेरियाच्या राजाने तिथल्या बिअर बनवणाऱ्यांना ती आपल्या तळघरांबाहेर विकायची मुभा दिली. मात्र खानावळवाल्यांचा धंदा बुडू नये म्हणून पावाखेरीज काही खायला द्यायचं नाही, अशी अट घातली. मग लोक घरून डबे आणू लागले. आजही तिथल्या बागेतल्या लांबलचक टेबलांवर अनोळखी माणसं ‘इथे कोणी बसलंय का?’ एवढं विचारून शेजारी टेकतात आणि आपापला डबा उघडतात. तिथल्या हॉटेलात जेवलात तर शेवटी बिल एकत्र की वेगवेगळं, हेही विचारतात. टेबल एक आणि ताटं ज्याची त्याची. ही रीत मला प्रामाणिक वाटते. पंगत त्याहून अवघड गोष्ट मागते. इथे पदार्थही निवडता येत नाही आणि शेजारीही.

आता पहिला घास घ्या. भाकरी मोडताना बोटांना लागणारा ओलसर कोमटपणा, अंबाडीचा आंबटपणा, मग ठेसा. आवडलं की नाही हे ठरवायची घाई करू नका.

आणि जेवता जेवताच मंडपाच्या बाहेर नजर टाका. या दिवसाची मूळ गोष्ट तिथली आहे. 23 फेब्रुवारी 1878. देविदास पातुरकरांच्या घरच्या पंगती उठल्या होत्या आणि उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकल्या होत्या. तिथे बसून एक तरुण त्यांतली शितं वेचून खात होता. बंकटलाल अगरवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांनी त्याला पाहिलं. महाराजांचं चरित्र सांगणारी दासगणूंची पोथी म्हणते की बंकटलालने आतून ताट मागवलं, पक्वान्नं आली, आणि त्याने ती सगळी एकत्र कालवून खाल्ली. दामोदरपंत पाणी आणायला गेले, तोवर तो गुरांच्या हाळावर पाणी पिऊन मोकळा.

ही गोष्ट आपण चमत्काराकडे जाण्याची पायरी म्हणून भराभर ओलांडतो. आज ओलांडू नका. घरात पंगती बसल्या तेव्हा तो बाहेरच होता. त्याला कोणी हाकललं असं पोथीत नाही. कोणी आत बोलावलं असंही नाही. आत जेवत असलेल्यांपैकी तुम्ही एक आहात असं धरा. लाडू चांगला झाला होता. बाहेर पाहायचं तुम्हाला सुचलं असतं का? उत्तर पटकन देऊ नका, ते खोटं निघण्याचा संभव आहे. याच वऱ्हाडात गाडगेबाबा खापराचं गाडगं घेऊन हिंडले आणि माणसाच्या गरजांची यादी करताना त्यांनी भुकेल्याला अन्न सगळ्यात आधी ठेवलं. बाहेर बसलेल्याला ही यादी पाठ करावी लागत नाही.

तुमचं जेवण झालं. हात पत्रावळीवर ठेवा, पण उठू नका. शेजारच्यांचं व्हायचं आहे, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही. समोरच्या म्हातारीला दात नाहीत, ती भाकरी चुनात कुस्करते आहे. पोथीत असंच एक वर्णन आहे. महाराजांनी 1908 साली तुरुंगातल्या टिळकांना भाकरी पाठवली आणि त्यांनी ती कुस्करून खाल्ली. पंचहौदचा चहा ज्यांना इतका महागात पडला, तेच हे टिळक.

म्हातारीला वेळ लागणार. तुमचा पाय मुंग्यांनी भरला आहे, मोबाइल खिशात थरथरतो आहे. बसून राहा. तिच्याकडे टक लावू नका, तिला घाई वाटेल. वाढणारा पुन्हा येईल, तेव्हा तिला अजून चून हवं का ते त्याला विचारायला सांगा.

झालं तिचं? मग आपली पत्रावळ आपण उचला. सतरंजी झाडायला पोरं उभी आहेत आणि दोरीपलीकडे पुढची पंगत खोळंबली आहे.