फाटलेली कडा

यवतच्या गुऱ्हाळातील गुळाची ढेप चित्रात आणण्यासाठी मी रंगवलेला कागद फाडू लागलो. ढेपेचा आकार हरपला, तपकिरी भार तेवढा उरला. फाडणे हे घडवणे ठरेल काय? फ्रान्समधील वाँस येथे १९५१ साली पूर्ण झालेल्या प्रार्थनामंदिराच्या काचचित्रांचे आराखडे आंरी मातीस यांनी रंगवलेले कागद कापून केले. परंतु कात्री आज्ञा पाळते. हाताने फाडलेला कागद स्वतःच्या तंतूंच्या वाटेने जातो. कडेला रंगाखालचा पांढरा पदर उघडा पडतो. तो झाकला, तर चित्र खोटे होते; राहू दिला, तर तोच ढेपेवरचा उजेड होतो. दुरावलेली भावंडे पुन्हा जवळ येतात, तेव्हा काही घडलेच नाही असे भासवतात. खरा समेट मात्र फाटलेली कडा मान्य करूनच होतो.