होऊन जाऊ दे!

चालू असलेलं काम चालू ठेवायला कुणाची सही लागत नाही. ते थांबवायचं म्हटलं की मात्र लेखी कारण लागतं, वरच्यांची मंजुरी लागते आणि शिवाय चार लोकांची बोलणी खायची तयारी लागते. जगातली निम्मी संकटं या एका गैरसोयीतून आली असावीत, असा माझा जुना संशय आहे.

लग्नाचंच घ्या. मुलाची काहीतरी भानगड आहे, हे कळतं तेव्हा पत्रिका वाटून झालेल्या असतात, कार्यालयाचे पैसे भरलेले असतात आणि आचाऱ्याने बुंदी पाडायला घेतलेली असते. मग घरातला सगळ्यात वडीलधारा माणूस घसा साफ करून म्हणतो, "आता होऊन जाऊ दे." हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय निर्णय. त्याची गंमत अशी, की तो कुणीच घेतलेला नसतो.

बांधकामावर या बुंदीच्या जागी काँक्रीट असतं. आमच्या मेव्हण्याच्या बंगल्याचा स्लॅब पडायचा होता. मिक्सर घरघरत होता, घमेली घेऊन बायाबापे रांगेत उभे होते, नारळ फुटला होता आणि आम्ही पेढ्यांच्या पुड्याभोवती घोटाळत होतो. एवढ्यात कालपरवाच डिप्लोमा झालेला एक पोरगा कंत्राटदाराला म्हणाला, "त्या कोपऱ्यातले टेकू भरावाच्या मातीवर आहेत. खाली फळ्या दिल्याशिवाय मी माल चढू देणार नाही." कंत्राटदार म्हणाला, "वीस वर्षं स्लॅब टाकतोय मी!" मेव्हण्याने घड्याळ पाहिलं, मग आभाळ पाहिलं. पोरगा हलला नाही. त्या दिवशी काम झालं नाही. फळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी स्लॅब पडला आणि तो आजतागायत ठणठणीत आहे.

मेव्हणा मात्र अजून हिशेब सांगतो: मजुरांचा दिवस फुकट, मिक्सरचं भाडं फुकट, पेढे शिळे. आणि पोरगा काय उत्तर देणार? तो कोपरा खचला असता, हे सिद्ध करायला तो आधी खचायला हवा होता! "थांबा" म्हणणाऱ्याची खरी पंचाईत ही आहे. तो बरोबर असला, तर त्याचा पुरावा त्याच्याच हाताने नाहीसा होतो.

हाच प्रकार फार मोठ्या मापात पाहायचा, तर कॅनडातल्या क्विबेकच्या पुलाकडे जावं लागतं. सेंट लॉरेन्स नदीवर 1800 फुटांच्या गाळ्याचा पोलादी पूल उभा राहत होता. त्याचे सल्लागार थिओडोर कूपर हे अमेरिकेतले नावाजलेले इंजिनिअर. वय अडुसष्ट, प्रकृती तोळामासा, मुक्काम न्यूयॉर्कला. 1907 च्या ऑगस्टमध्ये खालच्या एका तुळईला बाक आलेला दिसला. पाऊण इंचाचा बाक आठवड्याभरात सव्वादोन इंच झाला. कुणी म्हणालं, हा बाक कारखान्यातून येतानाच होता. पोलाद काही दूध नव्हे, आठवड्यात आपोआप नासायला! तरी वाद घालायला ते कारण पुरलं. मुकादमाने काम थांबवलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. काम बंद ठेवलं तर माणसांचा धीर सुटेल, ही वरच्यांची काळजी. तार करायची सोडून एका तरुण इंजिनिअरला रेल्वेने न्यूयॉर्कला धाडलं.

29 ऑगस्टला कूपर यांनी त्याचं म्हणणं ऐकलं आणि पुलावर आणखी वजन चढवू नका, अशी तार केली. पण ती पुलावर गेली नाही, पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्याच्या कचेरीत गेली. तिथल्या मंडळींनी विचार करून ठरवलं, की उद्या सकाळी ठरवू. पुलाने तेवढा दम धरला नाही. संध्याकाळी सुटीचा भोंगा व्हायला थोडी मिनिटं असताना पूल नदीत गेला. वर 86 माणसं होती, त्यांतली 75 मेली.

यांतला एकही माणूस खलनायक नव्हता, हेच जास्त घाबरवतं. सगळे अनुभवी, सगळे सभ्य, सगळ्यांना शंका आलेली. आणि समजा, 27 तारखेलाच कुणी खमकेपणाने सगळ्यांना खाली उतरवलं असतं, तर? हंगाम वाया घालवणारा भित्रा म्हणून त्याचं नाव झालं असतं. न पडलेल्या पुलाचं श्रेय कोण देतो?

हे परदेशातच घडतं असंही नाही. 1961 साली पानशेतचं धरण पुरतं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवलं. जवानांनी रात्रभर पोती रचली, तरी 12 जुलैला धरण फुटलं. पुण्यातल्या जुन्या माणसांना पुढचं सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, मग काय प्रत्येक शंकेला काम बंद करायचं? छे! माझ्या माहितीतले एक साहेब आयुष्यभर "थांबा"च म्हणत आले. त्यांच्या कारकिर्दीत एकही पूल पडला नाही, कारण एकही बांधला गेला नाही. पण त्यांचं "थांबा" आणि त्या पोराचं "थांबा" यांत फरक आहे. साहेबांना काळजी स्वतःच्या पेन्शनची, पोराला स्लॅबखालून जाणाऱ्या माणसांची. शब्द तोच, पण भीती कुणासाठी वाटते यावर त्याची किंमत ठरते.

म्हणून मला एक साधा नियम सुचतो. ज्याला कामावर खरीखुरी शंका आली, त्याच्याकडे पुरावा मागू नये. "चालू द्या" म्हणणाऱ्याकडे मागावा, कागदावर, तारीख-वेळेसह, खाली सही. यामुळे देशातली कामं बंद पडतील, अशी भीती बाळगायला नको. बहुतेक कागदांवर सह्या होतील. फक्त एखाद्या कागदावर पेन जरा अडखळेल, आणि साहेब म्हणतील, "चला, एकदा जाऊन बघून येऊ." मला तेवढंच हवं आहे.